जुनी डीव्हीडी आत्ता घ्यायची की ‘फोर के’ची वाट पाहायची? नांदेड-लातूरच्या मोबाईलवाल्यांसाठी सरळ हिशोब

१२ डिसेंबर २०२५ ला ‘शोले’ पुन्हा थिएटरात लागला. सिनेमा पन्नास वर्षांपूर्वीचा, पण या वेळी फोर के मध्ये साफसूफ करून आणलेला. शिवाय १९७५ साली सेन्सॉरमुळे बदलावा लागलेला मूळ शेवट त्यात परत जोडला होता. ज्यांनी ‘शोले’ची जुनी डीव्हीडी जपून ठेवली होती, त्या सगळ्यांकडे हा शेवट होताच असं नाही.

हे वाचून वाटेल, की मग जुन्या डिस्क कशाला घ्यायच्या? थोडं थांबू, सगळंच फोर के मध्ये येईल. पण ‘शोले’चा नियम ‘धडाकेबाज’ला लागू होतो का? तुमच्या आजोबांना आवडणाऱ्या तमाशापटाला होतो का? नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या सीडी-डीव्हीडीचा खोका दिसला, किंवा ऑनलाइन कोणी विकायला काढला, तर त्यातली कोणती उचलायची आणि कोणती सोडायची? बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर डिस्कवर नसतं. तो सिनेमा मुळात कशावर शूट झाला, ते मूळ आज कुठे आहे आणि त्यावर कोणी पैसे घालायला तयार आहे का, यावर ते ठरतं.

आधी आकडे समजून घेऊ

चित्र किती स्पष्ट दिसेल हे ठिपक्यांवर, म्हणजे पिक्सेलवर, बरंचसं अवलंबून असतं.

- व्हीसीडी: ३५२ × २८८, म्हणजे साधारण १ लाख पिक्सेल
- डीव्हीडी: ७२० × ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत
- ब्लू-रे: १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख
- फोर के ब्लू-रे: ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख

व्हीसीडी आणि डीव्हीडी दिसायला सारख्याच, पण चित्रात चौपट फरक. त्यामुळे खोक्यातली डिस्क उचलताना कव्हरवर काय लिहिलंय ते आधी बघा. एकच सिनेमा दोन किंवा तीन डिस्कमध्ये असेल तर ती बहुधा व्हीसीडी असते, कारण एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच व्हिडिओ मावतो.

सिनेमा रुंद पडद्याचा असेल तर व्हीसीडीचं आणखी नुकसान होतं. सिनेमास्कोप चित्र जुन्या टीव्हीच्या चौकोनात पूर्ण बसवलं की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि २८८ ओळींपैकी चित्राला जेमतेम १६० उरतात. पट्ट्या नको म्हणून चित्र मोठं केलं, तर दोन्ही बाजूंची माणसं कापली जातात.

तुमच्या फोनवर खरं काय दिसतं?

आता एक गोष्ट, जी फोन विकताना कोणी सांगत नाही. ओटीटीवर ‘एचडी’ लिहिलंय म्हणून तुमच्या फोनवर एचडी दिसेलच असं नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये वाइडवाइन नावाची एक सुरक्षा व्यवस्था असते. तिची पातळी ‘एल १’ असेल तर ओटीटी ॲप एचडी चित्र पाठवतं. ‘एल ३’ असेल तर नेटफ्लिक्ससारखी ॲप्स साध्या दर्जाचंच चित्र देतात, मग स्क्रीन कितीही भारी असो. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडून बघा, तुमची पातळी तिथे लिहिलेली असते.

दुसरं, प्लॅन. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातला मोबाईल प्लॅन १४९ रुपयांवर आणला. त्यात मिळतं ते ४८० पी, म्हणजे जवळपास डीव्हीडीच्या दर्जाचं चित्र. मग डीव्हीडीला ‘जुनाट’ म्हणून हसणारा मित्र स्वतः दर महिन्याला पैसे भरून तेवढंच बघत असू शकतो.

तिसरं, डेटा. नेटफ्लिक्सच्या हिशोबाने फोर के स्ट्रीमिंगला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजचा २ जीबीचा पॅक असेल तर तो सतरा-अठरा मिनिटांत संपला. एका ब्लू-रे डिस्कमध्ये २५ किंवा ५० जीबी मावतात. ५० जीबी म्हणजे तुमचा पंचवीस दिवसांचा पॅक. लातूरला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या पोराला फोर के हा शब्द आवडेल, पण साडेसहा इंची स्क्रीनवर आणि त्या पॅकवर तो फरक त्याला दिसणार नाही.

थोडक्यात, फक्त फोनवर बघणार असाल तर ‘डीव्हीडी की फोर के’ हा वाद तुमच्यासाठी अर्धा मिटलाच. घरात ४३ इंची किंवा त्याहून मोठा टीव्ही असेल तर मात्र फरक स्पष्ट दिसतो.

अपग्रेड येतं कुठून?

फोर के प्रत डीव्हीडीवरून बनत नाही. ती मूळ फिल्मवरून बनते. ३५ एमएमच्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो. निगेटिव्ह नव्याने स्कॅन केली की तो बाहेर काढता येतो. म्हणून सिनेमांची विभागणी अशी करा.

फिल्मवर शूट झालेले: साधारण २०१० पर्यंतचे बहुतेक सिनेमे. निगेटिव्ह किंवा चांगली प्रिंट शिल्लक असेल तर यांना खरं अपग्रेड मिळू शकतं.

डिजिटल काळातले: २०१० नंतर हळूहळू सगळे डिजिटलकडे गेले. लातूरच्या रितेश देशमुखचा ‘लय भारी’ (२०१४) घ्या किंवा नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ (२०१६), हे याच काळातले. या काळात बऱ्याच सिनेमांची अंतिम प्रत टू के मध्ये तयार व्हायची, म्हणजे फुल एचडीपेक्षा जरा जास्त. अशा सिनेमाची ‘फोर के आवृत्ती’ म्हणजे बहुधा तेच चित्र ताणून मोठं केलेलं. एचडी प्रत मिळत असेल तर वाट बघण्यात फार अर्थ नाही.

व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट झालेले: यांची निगेटिव्ह कधी नव्हतीच. मालेगावात नासिर शेख यांनी बनवलेला ‘मालेगाव के शोले’ असाच व्हिडिओवर झाला. त्या मंडळींवरचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरात आला, तो चकचकीत दिसतो. पण व्हिडिओवरच्या मूळ सिनेमांना फोर के कुठून येणार? मूळ टेपमध्ये होतं तेवढंच.

‘शोले’ पहिल्या गटातला, तरी त्याचं काम तीन वर्षं चाललं. फिल्म हेरिटेज फाउंडेशन, सिप्पी फिल्म्स आणि इटलीतल्या बोलोन्याची प्रयोगशाळा यांनी मिळून ते केलं. मूळ कॅमेरा निगेटिव्ह ‘व्हिनेगर सिंड्रोम’ने खराब झाली होती. फिल्मचा ॲसिटेट पट्टा ओलावा आणि उष्णतेने सडायला लागतो आणि त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यावरून हे नाव. ७० एमएमची एकही प्रिंट उरली नव्हती. शेवटी मुंबई आणि लंडनमधल्या गोदामांत सापडलेल्या इंटरपॉझिटिव्ह प्रतींवरून सिनेमा उभा केला. देशातल्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमाची ही अवस्था होती, हे लक्षात ठेवा.

मराठी सिनेमांचं काय?

फोर के करायला पैसा लागतो आणि तो परत मिळण्याची आशा लागते. ‘शोले’ला जगभर प्रेक्षक आहे. मराठी सिनेमाला हे गणित अवघड जातं. तरी काही जण करतात. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) २०१६ मध्ये डिजिटल होऊन पुन्हा थिएटरात आला होता. पण थिएटरात आला म्हणजे डिस्क निघेलच, हे समीकरण आता राहिलेलं नाही.

सरकारी पातळीवर राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम आहे. सुमारे ५९७ कोटींची ही योजना. मे २०२२ मध्ये पुण्यात तिच्यातल्या ३६३ कोटींच्या जीर्णोद्धाराच्या कामाची आणि सुमारे २,२०० चित्रपटांची घोषणा झाली. काम मोठं आहे, पण यादी सगळ्या भारतीय भाषांची आहे आणि जीर्णोद्धार झालेला सिनेमा आधी महोत्सवात दिसतो, तुमच्या हातात लगेच येत नाही.

काही बाबतीत तर वाट बघण्यासारखं मूळच उरलेलं नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट भयंकर ज्वालाग्राही. प्रभातच्या काळातल्या मौल्यवान फिल्म त्यात गेल्या. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा (१९१३) तर काही भागच आज शिल्लक आहे.

कॉपीराइटचाही परिणाम होतो. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) त्या मुदतीच्या पलीकडे गेले. बघणाऱ्याचा फायदा असा, की प्रती सहज मिळतात. तोटा असा, की खर्च करून नवी प्रत काढणाऱ्या कंपनीला तिच्यावर एकटीचा हक्क मिळत नाही, म्हणून कोणी पुढे येत नाही. असे सिनेमे चांगल्या रूपात यायचे असतील तर ते संग्रहालयाकडूनच येतील.

नवं म्हणजे तेच असेल असं नाही

वाट बघण्यात आणखी एक धोका आहे. नवी प्रत वेगळीच निघू शकते.

‘रांझणा’ (२०१३) आठवतो ना? त्याची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ १ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा प्रदर्शित झाली, आणि हक्क असलेल्या कंपनीने एआय वापरून शेवटच बदलला. मरणारा नायक जिवंत दाखवला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष या दोघांनीही जाहीर विरोध केला. ज्याच्याकडे जुनी डिस्क आहे, त्याच्याकडे मूळ शेवट कायम राहिला. ‘शोले’त अपग्रेडने मूळ शेवट परत दिला, इथे अपग्रेडने तो काढून घेतला.

हॉलिवूडमध्येही हेच. जेम्स कॅमेरूनच्या ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’च्या फोर के डिस्क मार्च २०२४ मध्ये आल्या. चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे गुळगुळीत झाले म्हणून चाहत्यांनी टीका केली. सिनेमाचा बारीक रवा, म्हणजे ग्रेन, पुसला की चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसल्या जातात.

आपल्याकडे यूट्यूबवर ‘फोर के’ लिहिलेले जुने सिनेमे बघताना एक साधी तपासणी करा. १९५५ च्या आधीचा सिनेमा जवळपास चौकोनी फ्रेमचा असतो. तो तुमच्या फोनवर कडेपर्यंत भरून दिसत असेल, तर वरून-खालून कापलाय किंवा ताणलाय. अशा वेळी जुनी डीव्हीडी कमी स्पष्ट असूनही जास्त पूर्ण असते.

पण डिस्क चालवायची कशावर?

हा डीव्हीडीच्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा आहे. मोसर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणून बाजार हलवला होता. गावोगावी घरात डिस्क गेल्या त्या तेव्हा. तीच कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश झाला. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं. एलजीनेही २०२४ च्या अखेरीस या धंद्यातून अंग काढून घेतलं. घरी रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं.

म्हणजे तुम्ही ज्या फोर के डिस्कची वाट बघताय, तिचा प्लेअर मिळणंच पुढे अवघड होत जाणार. परदेशातून ब्लू-रे मागवत असाल तर रिजन कोड बघा. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ गटात येतो, अमेरिका ‘ए’ मध्ये आणि युरोप ‘बी’ मध्ये. फोर के ब्लू-रेला हे बंधन नाही.

डीव्हीडीचं त्यापेक्षा सोपं आहे. लॅपटॉपला लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह अजून सहज मिळतो आणि व्हीएलसी हे मोफत ॲप बहुतेक सगळं चालवतं. व्हीसीडी लावली की तिच्यात ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर दिसतं. त्यातल्या ‘डॅट’ फाइल फोनमध्ये कॉपी केल्या की व्हीएलसीमध्ये चालतात.

मराठवाड्यात वाट बघू नये अशा डिस्क

नांदेड-लातूरकडच्या घरांत सिनेमापेक्षा वेगळ्याच डिस्क खूप निघतात. भीमगीतं, बंजारा गाणी, लावण्या, कीर्तनं, स्थानिक कलाकारांच्या विनोदी व्हीसीडी. या छोट्या निर्मात्यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट केल्या आणि थेट डिस्कवर विकल्या. कुठलं थिएटर नाही, निगेटिव्ह नाही, ओटीटीवर टाकायला कंपनी नाही. मूळ टेप निर्मात्याच्या घरी राहिली असेल तर ठीक, नाहीतर तुमच्या कपाटातली व्हीसीडी हीच उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक.

इथे ‘अपग्रेडची वाट’ हा पर्यायच नाही. अशी डिस्क दहा-वीस रुपयांत दिसली तर घ्या आणि त्याच दिवशी कॉपी करा. एखाद्या शाहिराचा, गायिकेचा किंवा कीर्तनकाराचा आवाज त्या एक लाख पिक्सेलमध्येच राहिला असू शकतो.

घरच्या लग्नाच्या डिस्कचंही असंच. दुकानातली सिनेमाची डिस्क साच्यातून छापलेली असते. लग्नाची डिस्क मात्र स्टुडिओवाल्याने संगणकावर ‘राइट’ केलेली असते. तिच्यातला रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि उष्णतेने लवकर बिघडतो. आपल्याकडचा चाळीस अंशांवरचा उन्हाळा आणि पत्र्याखालचं कपाट, म्हणजे तिच्यासाठी वाईटच. सिनेमाच्या आधी ती कॉपी करा.

घ्यायची ठरली तर काय बघायचं?

- डिस्क उजेडासमोर धरा. टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं दिसली तर त्या जागी थर गेलाय, सोडून द्या.
- व्हीसीडीची वरची, चित्राची बाजू जास्त नाजूक असते, कारण माहितीचा थर तिथेच लगेच खाली असतो. तिथला ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक. डीव्हीडीत हा थर मधोमध असतो.
- डिस्क सपाट टेबलावर ठेवून वाकलीय का बघा.
- सगळे भाग आहेत ना ते मोजा. ‘भाग २’ नसलेली व्हीसीडी फुकटसुद्धा महाग.
- कव्हर झेरॉक्ससारखं असेल आणि डिस्कची खालची बाजू जांभळी किंवा हिरवट असेल तर ती बहुधा घरी राइट केलेली नक्कल आहे.
- सिनेमाभर कोपऱ्यात कंपनीचा लोगो दिसतो का, तेही शक्य असेल तर विचारा. आपल्याकडच्या डीव्हीडींना ही जुनी खोड आहे.
- ‘दुर्मीळ’ म्हणून कोणी हजार रुपये मागत असेल तर हसून पुढे जा. थिएटरच्या एका तिकिटापेक्षा जास्त पैसे जुन्या व्हीसीडीला देऊ नका.

स्वतः विकत घेतलेली डिस्क जपण्यासाठी स्वतःपुरती प्रत ठेवणं वेगळं आणि ती टेलिग्रामवर टाकणं वेगळं. दुसरं केलंत तर तो सरळ कॉपीराइटचा भंग आहे. आणि घरात डिस्कऐवजी खरी फिल्मची रिळं किंवा जुनी पोस्टर्स निघाली, तर रद्दीत देऊ नका. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना कळवा.

मग ठरवायचं कसं?

थांबा, जर सिनेमा फिल्मवर शूट झालेला मोठा हिंदी किंवा परदेशी असेल, जीर्णोद्धाराची अधिकृत घोषणा झाली असेल आणि घरी मोठा टीव्ही असेल. ‘घोषणा झाली’ म्हणजे संस्थेने किंवा निर्मात्याने केलेली, रीलवर कोणी सांगितलेली नाही.

ओटीटीवर बघा, जर सिनेमा डिजिटल काळातला असेल आणि तुम्ही फोनवरच बघणार असाल. फक्त हे धरून चाला, की कराराची मुदत संपली की तो एक दिवस तिथून जाऊ शकतो.

डीव्हीडी आत्ता घ्या, जर सिनेमा जुना मराठी असेल, ओटीटीवर अधिकृत प्रत नसेल किंवा कापलेली असेल आणि डिस्क स्वस्त, सुस्थितीत असेल. फोर के आलंच, तर तुमचे शंभर रुपये बुडाले असं नाही. तोपर्यंत सिनेमा बघून झालेला असेल.

व्हीसीडी घ्या, फक्त तेव्हाच, जेव्हा त्या गोष्टीची दुसरी कुठलीच प्रत दिसत नाही.

या सुट्टीत गावी गेलात की टीव्हीखालचा कप्पा उघडा. एक यूएसबी ड्राइव्ह चार मित्रांत मिळून घेतला तरी पुरतो. आधी लग्नाच्या आणि स्थानिक गाण्यांच्या डिस्क कॉपी करा, एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर ठेवा. दुकानात जाऊन सिनेमे शोधायचं काम त्यानंतर.